स्टिरॉइडला दाद न देणारा जीव्हीएचडी आणि स्टेम सेलची चाचणी: हे सगळं आलं कुठून

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मामेबहिणीचा फोन आला, दादरच्या खोलीवरून. तिचा मुलगा १३ वर्षांचा, ब्लड कॅन्सर, धाकट्या बहिणीचा बोन मॅरो मॅच झाला, ट्रान्सप्लांट झालं, काउंट वर आले, घरचे सगळे आता सुटलो म्हणून श्वास सोडत होते आणि तेवढ्यात तळहातांवर लाल पुरळ, मग चार दिवसांत जुलाब, तेही दिवसाला दीड लिटरच्या पुढे. म्हणाली, "दादा, आठवडा झाला स्टिरॉइड चालू आहे, उतार नाही. इथे एक जण म्हणतोय स्टेम सेल थेरपी करून घ्या. पण अरे, स्टेम सेलच दिल्या होत्या ना त्याला? त्यानेच झालं ना हे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे तिचा. मी डॉक्टर नाही, पण मुंबईत उपचारांसाठी आलेल्या लोकांबरोबर गेली काही वर्षं धावपळ करतोय आणि हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, म्हणून एकदा सगळं नीट सुरुवातीपासून लिहून काढतो.

आधी ते नावाचं कोडं सोडवू. ट्रान्सप्लांटमध्ये ज्या जातात त्या रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल. पण त्या पिशवीतून डोनरच्या टी सेलसुद्धा जातात, म्हणजे डोनरचे शिपाई. त्यांना नवं शरीर परकं वाटतं आणि ते कातडी, आतडी, लिव्हर यांवर तुटून पडतात. राखणीला आणलेलं कुंपणच शेत खायला लागतं. यालाच ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, म्हणजे जीव्हीएचडी म्हणतात. आणि त्यावर ज्या स्टेम सेल द्यायची भाषा चालू आहे त्या वेगळ्याच, मेसेन्कायमल नावाच्या, त्या रक्त बनवत नाहीत, मॅरोमध्ये आधाराला असतात आणि चिडलेल्या टी सेलना शांत करतात. नाव एकच, काम पूर्ण वेगळं, आणि सगळा घोळ इथेच होतो.

आता जुन्या काळात जाऊ. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये बार्न्स आणि लौटिट यांच्या गटाने ल्युकेमिया झालेल्या उंदरांना रेडिएशन देऊन दुसऱ्या जातीच्या उंदरांचा मॅरो दिला. ल्युकेमिया परत आला नाही, पण उंदीर वाळत गेले, जुलाब लागले आणि मेले. म्हणजे बघा, फायदा आणि तोटा दोन्ही पहिल्यापासूनच एकत्र दिसले, कारण जे शिपाई शरीरावर तुटून पडतात तेच उरलासुरला कॅन्सरही मारतात, त्यामुळे त्यांना सरसकट मारून टाकणं परवडत नाही. जीव्हीएचडीवरचं प्रत्येक औषध आजपर्यंत याच दोरीवरून चालतंय. १९५७ मध्ये अमेरिकेत डोनाल थॉमस यांनी माणसात मॅरो देऊन पाहिला, सुरुवातीचे बहुतेक पेशंट गेले, तरी ते मागे हटले नाहीत आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९६६ मध्ये बिलिंगहॅम या शास्त्रज्ञांनी हा आजार कधी होतो ते तीन अटींत सांगितलं: दिलेल्या पेशींत लढणाऱ्या पेशी हव्यात, घेणाऱ्याचं शरीर त्यांना परकं दिसायला हवं, आणि घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती इतकी खचलेली हवी की तो त्या पेशींना हाकलू शकत नाही. ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये तिन्ही अटी आपसूक पूर्ण होतात.

१९७४ मध्ये सिअॅटलच्या डॉक्टरांनी याला मोजायची पद्धत ठरवली, कातडीवर पुरळ किती टक्के, रक्तात बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा घटक) किती, जुलाब किती मिली, त्यावरून ग्रेड १ ते ४, ४ म्हणजे सर्वांत वाईट. माझी बहीण रोज प्लास्टिकच्या मगात मोशन मोजून वहीत लिहिते ना, ती वही तिथून आलीय. तिला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, मला वाटायचं सिस्टर उगाच कामाला लावतात.

आपल्या मुंबईचा यात मोठा वाटा आहे. २० मार्च १९८३ ला परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया झालेल्या ९ वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस व्हीलचेअरवरून राउंड घ्यायचा, आणि आजसारखी औषधं तेव्हा हाताशी नसताना त्यांनी हे करून दाखवलं, याचा मला मुंबईकर म्हणून मनापासून अभिमान आहे. पुढे टाटाचं ट्रान्सप्लांट युनिट खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच संशोधन केंद्रात गेलं. आज गावागावातून लोक येतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नाहीतर भाड्याच्या खोलीत राहतात आणि ट्रान्सप्लांट हा शब्द आता घराघरात झालाय. पण जीव्हीएचडी हा शब्द मात्र बहुतेकांना तो झाल्यावरच कळतो. आधी सांगितलेलं असतं हो, फॉर्मवर सही पण घेतलेली असते, पण त्या वेळी कानात फक्त "मॅच झाला" एवढंच शिरलेलं असतं.

जीव्हीएचडी झाला की पहिलं औषध स्टिरॉइड, सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन, वजनाच्या दर किलोला दिवसाला २ मिलीग्राम. कित्येक दशकं झाली तरी पहिलं औषध तेच. साधारण अर्ध्या लोकांना ते लागू पडतं. ज्यांचं ३ दिवसांत आणखी बिघडतं किंवा आठवडाभरात काहीच सुधारत नाही त्यांना स्टिरॉइड रिफ्रॅक्टरी म्हणतात. पुढचा रस्ता अनेक वर्षं जवळपास बंदच होता, एकामागून एक औषधं टाकून बघायची, प्रत्येक औषध प्रतिकारशक्ती आणखी खाली आणायचं आणि मग शेवट फंगस नाहीतर एखाद्या इन्फेक्शनने व्हायचा.

आता मेसेन्कायमल पेशींकडे. मॉस्कोत फ्रीडेनश्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० आणि ७० च्या दशकांत दाखवलं की मॅरोमध्ये रक्ताच्या पेशींशिवाय आणखी काही पेशी असतात, त्या काचेला चिकटून वाढतात आणि त्यांच्यापासून हाड तयार होऊ शकतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या अर्नोल्ड कॅप्लान यांनी त्यांना मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव दिलं. तेव्हा डोक्यात हाडं, कूर्चा दुरुस्त करायचं होतं, जीव्हीएचडी नव्हताच. २००२ च्या सुमारास प्रयोगशाळेत दिसलं की या पेशी शेजारी ठेवल्या तर टी सेलची वाढ मंदावते. मग काय, ट्रान्सप्लांटवाल्यांचे कान टवकारले.

आणि २००४ मध्ये ती केस आली. स्वीडनमधला ९ वर्षांचा मुलगा, ल्युकेमिया, परक्या डोनरचं ट्रान्सप्लांट, आतडी आणि लिव्हरचा ग्रेड ४ जीव्हीएचडी, सगळी औषधं थकलेली. कॅटरिना ल ब्लांक आणि सहकाऱ्यांनी त्याच्या आईच्या मॅरोमधून या पेशी काढून, वाढवून त्याला दिल्या. आईच्या पेशी त्याच्याशी अर्ध्याच मॅच, तरी चालल्या, कारण या पेशींना सहसा मॅच लागतच नाही. मुलाचे जुलाब थांबले, तो खायला लागला, वर्षभराने ठीक होता. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ती एक केस छापून आली आणि जगभर आशा पेटली. २००८ मध्ये त्याच गटाने ५५ पेशंटचा अहवाल दिला, ३० जण पूर्ण बरे झाले, आणखी ९ जणांमध्ये सुधारणा. जे पूर्ण बरे झाले त्यांच्यातले ५३ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते, बाकीच्यांतले १६ टक्के. पण यात तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे पेशींनी बरं केलं की ज्यांचं बरं व्हायचं होतं त्यांचं झालं, हे सांगता येत नव्हतं.

म्हणून खरी परीक्षा झाली ती ओसायरिस या अमेरिकन कंपनीच्या मोठ्या चाचणीत. २६० पेशंट, तिघांतल्या दोघांना पेशी आणि एकाला दिसायला तसंच पण पेशी नसलेलं द्रावण, कोणाला काय मिळालं ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही. बाकीचं औषध दोघांनाही चालूच. २००९ मध्ये निकाल आला: पूर्ण बरं होऊन किमान २८ दिवस टिकलेले पेशीवाले ३५ टक्के, दुसरे ३० टक्के. म्हणजे फरक म्हणावा असा नाहीच. अनेकांनी तिथेच हा विषय संपला असं धरलं. पण आकडे उलगडून पाहिल्यावर लहान मुलांत आणि लिव्हरवर परिणाम झालेल्यांत फायदा दिसत होता. अशा मागाहून केलेल्या वाटण्यांवर जपूनच विश्वास ठेवायचा असतो, कारण इतके छोटे गट पाडले की कुठेतरी काहीतरी चांगलं दिसतंच, तरी मुलांबद्दलचा प्रश्न त्यामुळे जिवंत राहिला.

पुढे गाडी देशादेशांत वेगळी धावली. २०१२ मध्ये कॅनडाने ओसायरिसच्या पेशींना मुलांसाठी अटी घालून मान्यता दिली, २०१५ मध्ये जपानने त्यांच्याकडच्या टेमसेल या उत्पादनाला दिली. ओसायरिसचं काम ऑस्ट्रेलियाच्या मेसोब्लास्टने विकत घेतलं आणि ५४ मुलांवर नवी चाचणी केली, दर किलोला २० लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. २८ व्या दिवशी ७० टक्के मुलांमध्ये प्रतिसाद. पण पुन्हा तेच, समोर तुलनेचा गट नाही. २०२० मध्ये सल्लागार समितीचं मत बाजूने पडूनही एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने नकार दिला, २०२३ मध्ये परत नकार. एक मोठी अडचण अशी की गोळीत औषध किती मिलीग्राम ते मोजता येतं, पण या जिवंत पेशींच्या प्रत्येक बॅचमध्ये जोर किती हे मोजायचं कशाने? शेवटी १८ डिसेंबर २०२४ ला दोन महिन्यांवरच्या मुलांसाठी रायॉन्सिल या नावाने मान्यता मिळाली. मोठ्यांसाठी नाही. किंमत एका डोसची १ लाख ९४ हजार डॉलर, असे आठ डोस, म्हणजे आपल्या तेरा कोटींच्या आसपास. मी हे बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ बोललीच नाही.

गंमत म्हणजे या पेशी शरीरात राहतच नाहीत, काही दिवसांत संपतात. २०१७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की पेशंटच्या अंगातल्या मारेकरी पेशीच त्यांना मारतात आणि त्या मेलेल्या पेशी गिळल्यावर बाकीच्या पेशी शांत होतात. म्हणजे ज्यांच्या रक्तात त्यांना मारायची ताकद आहे त्यांनाच फायदा जास्त. हे खरं ठरलं तर कोणाला द्यायच्या ते आधी रक्त तपासून ठरवता येईल, आणि मला तरी वाटतं पुढच्या चाचण्यांमध्ये हेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

दरम्यान रुक्सोलिटिनिब नावाची गोळी आली. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता, १२ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी. २०२० मध्ये ३०९ पेशंटच्या चाचणीत, ज्यात तुलनेचा गट होता, २८ व्या दिवशी ६२ टक्क्यांना प्रतिसाद आणि इतर औषधं घेतलेल्यांमध्ये ३९ टक्के. त्यामुळे आता स्टेम सेलला नुसतं "काही नसण्यापेक्षा बरं" असून भागत नाही, या गोळीनंतर किंवा गोळीबरोबर काय मिळतं ते दाखवायला लागतं.

आता त्या "एक जण म्हणतोय" बद्दल. तो माणूस कोण, तर एका क्लिनिकचा एजंट, वेटिंग एरियात बसून पेशंटच्या घरच्यांना पॅकेज सांगत होता, चार लाख, आधी पैसे, त्याच्या मोबाईलमध्ये बरे झालेल्यांचे फोटो. मला राग येतो तो इथे, कारण दमलेल्या, घाबरलेल्या आईला चाचणी आणि विक्री यातला फरक त्या क्षणी कसा कळणार? आपल्याकडे आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय की रक्ताच्या आजारांसाठी होणारं नेहमीचं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेम सेलचा वापर हा प्रयोग आहे, तो परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचा, आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घेणं योग्य नाही. चाचणी खरी असेल तर ती सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नंबरासकट असते, एथिक्स कमिटी असते, इजा झाली तर भरपाईचा नियम असतो. रस्ता बंद नाहीये, बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सने याच जातीच्या पेशींसाठी रीतसर चाचण्या करून पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या आजारावर सरकारी मान्यता मिळवली आहे. पण ती पायासाठी, जीव्हीएचडीसाठी नाही. एजंटला बहिणीने सीटीआरआयचा नंबर विचारला तेव्हा तो म्हणाला सरांना विचारून सांगतो, परत दिसला नाही.

भाच्याला सध्या रुक्सोलिटिनिब चालू आहे, डॉक्टरांनी सांगितलंय की नाही जमलं तर मुलांसाठी स्टेम सेलची चाचणी कुठे चालू आहे का ते तेच बघतील. आज गोळीचा १९ वा दिवस. काल वहीत ६०० मिली लिहिलंय. बहिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर २८ व्या दिवसाला गोल केलाय.