बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात

डिसेंबर लागला की परभणी-हिंगोलीकडं सकाळी सकाळी गल्लीत बॉनेटखालून नुसतं कट-कट-कट ऐकू येतं आणि थोड्या वेळानं चार जण गाडीला धक्का मारायलेत. मग सगळे थंडीला बोल लावतात. थंडीचा दोष आहेच पण अर्धा, कारण त्या बॅटरीचं खरं नुकसान मे महिन्यातच झालेलं असतं, पारा ४३-४४ वर आणि गाडी दिवसभर उन्हात उभी. आपल्याकडं एकाच गाडीला हा उन्हाळा पण सोसावा लागतो आणि परभणीची ती हाडं गोठवणारी थंडी पण, म्हणून हे जरा सविस्तर लिहायलोय.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. आत शिशाच्या प्लेटा, त्यांच्यासमोर लेड डायऑक्साइडच्या प्लेटा आणि मधे पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. गास्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मधे हे शोधलं आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, चार्ज झाली की ते परत विरघळतं. पण गाडी कित्येक आठवडे उतरलेल्या बॅटरीवर तशीच उभी ठेवली तर सल्फेटचे कडक खडे बनतात, मग चार्जरला कितीही वेळ लावा, ते पुरतं निघत नाही. दिवाळीला गावी येणारे आणि मधे महिनोनमहिने गाडी वाड्यात झाकून ठेवणारे, त्यांच्या बॅटऱ्या बहुतेक अशाच जातात.

उन्हाचं गणित सोपं आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, म्हणजे प्लेटांमधली शिशाची जाळी गंजायचा वेगही वाढतो, पाणीही लवकर उडतं, आणि बॉनेटखाली तर बाहेरपेक्षा कितीतरी जास्त गरम असतं. अशी खिळखिळी झालेली बॅटरी गरमीत कसंबसं इंजिन फिरवते. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, जास्त करंट लागतो, आणि तेव्हाच बॅटरीतली क्रिया मंदावलेली असते, तिथं ती हात टेकते.

तपासायला व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असू द्या आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधी मोजा, लगेच बंद केलेल्या गाडीचा आकडा फसवा असतो. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ पाऊण, १२.२ अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर लगेच चार्जिंगला लावा. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली कोसळला तर बॅटरी दमलीय. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे, १३ च्या आसपासच घुटमळायला लागला तर आधी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) आणि त्याचा बेल्ट बघा, उगाच नवी बॅटरी घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो फक्त ४ टक्के असला तरी पेटू शकतो. एक ठिणगी पडली तर डबा फुटून ॲसिड थेट तोंडावर. म्हणून पाणी किती आहे ते बघायला काडी पेटवायची नाही, मोबाइलचा टॉर्च आहे ना. बिडी-सिगारेट लांब, बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, मायनस जोडलेलं असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की फाडकन जाळ होतो. ॲसिड उडालंच तर निदान १५-२० मिनिटं भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं असेल तर धुऊन सरळ दवाखान्यात.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून बंद गाडी चालू करायला जंपर केबल लावतानाही हीच काळजी. लाल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला लावायचं नाही, तिच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचं, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडते ती शेवटच्या जोडणीला, ती गॅसजवळ नको.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी बघा. प्लेटा बुडालेल्या पाहिजेत आणि पाणी वरच्या खुणेच्या पुढं नको. घालायचं ते फक्त डिस्टिल वॉटर. बोअरचं तर अजिबात नाही, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो तेच क्षार प्लेटांवर बसतात. आरओचं पण नको, त्यात थोडे क्षार राहतातच. ॲसिड घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. भरायचं ते चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी बुडतील एवढंच घाला.

टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडायच्या खुंट्यांवर, तो पांढरट-हिरवट भुगा साचतो ना, क्लॅम्प काढला की खाली बोटाला चिकटणारा, तो करंट अडवतो. झाकणं घट्ट लावून गरम पाण्यात खायचा सोडा कालवा आणि जुन्या ब्रशनं घासा, फेस यायचा थांबला की साफ झालं. सोड्याचं पाणी सेलमधे जाऊ देऊ नका. पुसून, क्लॅम्प घट्ट करून वरून व्हॅसलिन लावा. कित्येकदा "बॅटरी गेली" म्हणून आलेली गाडी एवढ्यावर चालू होते.

आणि खरंच गेली असेल तर जुनी बॅटरी उभी ठेवूनच दुकानात न्या, नव्याच्या किमतीत तिचे पैसे वजा होतात. शिसं पुन्हा वापरता येतं. ती घरी फोडून ॲसिड नालीत ओतायचं काम मात्र कुणीच करू नका, शिसं अंगणातल्या मातीत राहतं आणि खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातं.