विमानाच्या केबिनमध्ये सगळा खेळ प्रेशरचा

मोठ्या विमानात बसल्यावर वाटतं की सगळं जागा वाचवायलाच असं कोंबलंय, ते खरंच आहे म्हणा, पण दरवाजा, खिडकी, मास्क, अगदी टॉयलेटसुद्धा जसं आहे तसं असण्यामागे मोठा हात हवेच्या दाबाचा असतो.

३५-४० हजार फुटांवर बाहेर उणे ५५ डिग्रीच्या आसपास थंडी आणि हवा इतकी विरळ की माणसाची शुद्ध मिनिटभरात हरपते, म्हणून इंजिनात दाबली गेलेली हवा थोडी काढून, थंड करून आत सोडतात (बोइंग ७८७ मध्ये यासाठी वेगळे इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर आहेत). तरी जमिनीवरचा पूर्ण दाब आत ठेवत नाहीत, विमानाच्या बॉडीवर ताण फार येतो, त्यामुळे फार तर ८००० फूट उंच डोंगरावर असते तशी हवा, ७८७ मध्ये ६०००.

आता दरवाजा. उडताना कोणी हँडल ओढलं तर, ही धास्ती बऱ्याच जणांना असते. उगाच! वर असताना दरवाजावर आतून दहा टनांच्या आसपास जोर असतो आणि बहुतेक मोठ्या विमानांत तोच जोर दरवाजाला चौकटीत घट्ट दाबून धरतो, पैलवान आणलात तरी हलायचा नाही.

खिडकीत खालच्या बाजूला बारीक भोक दिसतं बघा, कधी त्याच्याभोवती बर्फाची नक्षीही जमते. खिडकीला तीन थर. आपला हात लागतो तो नुसता संरक्षणाला, भोक मधल्याला, त्यामुळे एरवी सगळा भार बाहेरचाच थर पेलतो आणि तो फुटलाच तर मधला सांभाळून घेतो.

केबिनमधली हवा साधारण १४ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली की मास्क आपोआप खाली पडतात. बऱ्याच विमानांत वर सिलिंडर नसतोच, सीटच्या वर सोडियम क्लोरेटची डबी असते, मास्क खाली ओढला की पिन निघते, रिअ‍ॅक्शन सुरू होते आणि ऑक्सिजन तिथल्या तिथे तयार होतो. डबी तापते, जळकट वास येऊ शकतो, आणि एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही, १२-१५ मिनिटं चालते, तेवढ्यात पायलट विमान १० हजार फुटांपर्यंत उतरवतात. मास्कला लटकणारी पिशवी फुगली नाही तरी घाबरायचं नाही, ऑक्सिजन येत असतो.

आणि टॉयलेटचा तो दचकवणारा आवाज? मैल्याच्या टाकीतला दाब बाहेरच्याइतका कमी, केबिनमध्ये जास्त, झडप उघडली की हवाच सगळं ओढून नेते, पाणी जेमतेम लागतं. साधारण १६ हजार फुटांच्या खाली आणि जमिनीवर मात्र हा फरक पुरत नाही, तिथे व्हॅक्यूम पंप चालवावा लागतो.