प्रकाशसंश्लेषी जीवाणूंतील पटल-लिपिडांची निर्मिती

प्रकाशसंश्लेषी जीवाणूंत प्रकाश पकडणारे पटल आणि त्या पटलाची लिपिडे (पटल ज्यांचे बनते ते स्निग्ध रेणू) घडवणारी जागा या दोन गोष्टी बहुधा एक नसतात. वनस्पतींप्रमाणे हरितलवक किंवा आंतर्द्रव्य जालिका ही लिपिडे घडवणारी पेशीतील अंगके त्यांच्याकडे नसतात. त्यामुळे हे काम मुख्यतः पेशीपटलाकडेच येते.

याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉयडीस या जांभळ्या जीवाणूत. ऑक्सिजन कमी झाला की त्याचे पेशीपटल आत वळते आणि सुमारे ५०-६० नॅनोमीटर व्यासाच्या रंगीत पुटिका तयार होतात. फॉस्फोलिपिड (फॉस्फेट असलेली लिपिडे) घडवणाऱ्या एंझाइमांची क्रिया या शुद्ध केलेल्या पुटिकांपेक्षा पेशीपटलात आणि त्याला लागून असलेल्या, पटल आत वळू लागते त्या वाढीच्या जागांत जास्त आढळते. पुटिका म्हणजे लिपिडांच्या बाबतीत बव्हंशी आयात करणारा भाग. एकाच वेळी विभागणाऱ्या पेशींवरील प्रयोगांत तर आणखी एक गंमत दिसली: प्रथिने आणि रंगद्रव्ये पुटिकांच्या पटलात सतत भरली जात होती, पण फॉस्फोलिपिडे मात्र पेशीविभाजनाच्या सुमारास एकदम येत होती. त्यामुळे त्या पटलातील प्रथिने व लिपिडे यांचे प्रमाण पेशीचक्राबरोबर वरखाली होते. पटल सगळे एकाच वेळी वाढते, ही सोयीची समजूत इथे टिकत नाही.

नीलहरित जीवाणूंचे चित्र वेगळे आहे. त्यांच्या थायलाकॉइड पटलात (पेशीच्या आतील प्रकाश पकडणाऱ्या पटलात) फॉस्फोलिपिडांपेक्षा शर्करायुक्त लिपिडे जास्त असतात. मुख्य लिपिडात गॅलॅक्टोज असते, पण सुरुवात ग्लुकोजपासून होते: आधी ग्लुकोज जोडले जाते, मग एपिमरेज एंझाइम त्याचे गॅलॅक्टोज करते. वनस्पती थेट गॅलॅक्टोज जोडतात, त्यामुळे हरितलवकाचा पूर्वज नीलहरित असला तरी हा टप्पा मात्र वारशात आलेला नाही. ग्लुकोज जोडणारी क्रिया १९८६ मध्ये पेशीपटल आणि थायलाकॉइड या दोन्हींत आढळली. मेदाम्लांत दुहेरी बंध घालणारी एंझाइमेही दोन्हीकडे असतात. म्हणजे इथे थायलाकॉइड नुसता ग्राहक नाही. पेशीपटलात तयार झालेला माल तिथवर नेमका कसा पोचतो, यावर मतभेद आहेत. दोन्ही पटले जवळ येतात त्या जागा आणि व्हीआयपीपी१ हे थायलाकॉइडच्या घडणीशी निगडित प्रथिन यांचा त्यात विचार होतो.

ग्लिओबॅक्टर व्हायोलेसियस या नीलहरित जीवाणूत थायलाकॉइडच नाहीत. त्याची प्रकाशसंश्लेषण यंत्रणा पेशीपटलातच असते, आणि लिपिडे थायलाकॉइडपर्यंत नेण्याचा प्रश्नच उरत नाही.