छताला बसलेली माशी आणि इंग्रजीतला 'ऑन'

छताच्या खालच्या अंगाला एक माशी उलटी बसली आहे. इंग्रजीत हे सांगायला 'द फ्लाय इज ऑन द सीलिंग' एवढं पुरतं. मराठीत 'छतावर माशी बसलीय' म्हटलं, तर ऐकणारा खोलीतच मान उंचावून बघेल की जिना चढून वर जाईल, याचा भरवसा नाही. म्हणून आपण 'छताला माशी बसलीय' म्हणतो. माशी छताच्या खाली आहे, वर मुळीच नाही. तरीही 'ऑन'ला ती चालते.

इंग्रजी शिकताना 'ऑन म्हणजे वर' हे समीकरण अगदी सुरुवातीला डोक्यात बसतं आणि मग सहसा निघत नाही. ते निम्मंच खरं आहे. उरलेल्या निम्म्यातून मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका जन्माला येतात.

'ऑन'ला उंचीशी देणंघेणं नाही. तो दोन गोष्टी बघतो. एक, वस्तू पृष्ठभागाला टेकली आहे का. आणि दोन, तिचा भार त्या पृष्ठभागानं पेलला आहे का. टेबलावर ठेवलेला कप, भिंतीवर चिकटवलेला कागद, छताला बसलेली माशी, तिघांनाही या दोन अटी लागू पडतात. टेबलापासून दोन फूट उंचीवर तारेनं टांगलेल्या दिव्याला त्या लागू पडत नाहीत, म्हणून तिथे 'ओव्हर द टेबल' किंवा 'अबव्ह द टेबल' म्हणायचं. मराठीत 'डोक्यावर पंखा फिरतोय' हे वाक्य रोजचं आहे. त्याचं 'द फॅन इज ऑन माय हेड' केलं, तर पंखा खरोखरच टाळूवर येऊन बसतो.

दोन अटींपैकी एकच पुरी झाली तर काय होतं, हे शिडी दाखवते. भिंतीला टेकवलेली शिडी भिंतीला लागलेली असते, पण तिचा बहुतेक भार जमिनीवर जातो. म्हणून इंग्रजीत ती 'अगेन्स्ट द वॉल' असते. तीच शिडी खुंट्यांना अडकवून जमिनीपासून उचलली, की 'ऑन द वॉल' झाली. उलट, कप आणि टेबल यांच्यामध्ये टेबलक्लॉथ आला म्हणून कप 'ऑन द टेबल' राहायचा थांबत नाही. पातळ थर भाषा माफ करते. जाड पुस्तकांची चळत मध्ये आली, तर मात्र कप 'ऑन द बुक्स' होतो.

सायमन गॅरड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'इन' आणि 'ऑन'चे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना चित्रं दाखवून कोणतं वर्णन किती पटतं हे विचारलं होतं. वस्तू खालच्या पृष्ठभागाला टेकलेली असली, तरी तिला वरून टांगणारा दुसरा आधार चित्रात दिसला की लोकांचा 'ऑन'वरचा भरवसा कमी होई. म्हणजे हा शब्द वापरताना आपण नुसती जागा बघत नाही. भार कुणावर आहे, याचाही मनात हिशेब चाललेला असतो.

मग आपल्या 'वर'चं काय? त्याचं कुळच वेगळं. 'वर' आला संस्कृत 'उपरि'पासून, प्राकृतातून झिजत झिजत. 'उपरि'ची नात्यातली माणसं म्हणजे ग्रीक 'हायपर', लॅटिन 'सुपर' आणि इंग्रजी 'ओव्हर'. व्युत्पत्तीच्या वंशावळीत आपल्या 'वर'चा इंग्रजीतला भाऊबंद 'ओव्हर' आहे, 'ऑन' नव्हे. म्हणूनच 'वर'मध्ये उंची रक्तातच आहे आणि स्पर्श ऐच्छिक. 'ऑन' जर्मन आणि डच भाषांतल्या 'आन'च्या घरातला. त्याला चिकटणं कळतं, उंची नाही.

एक कप, एक अंगठी, एक सफरचंद

जगातल्या भाषा हा प्रदेश कसा वाटून घेतात, हे तपासायला नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत मेलिसा बाउरमन आणि एरिक पेडरसन यांनी १९९२ मध्ये ७१ रेखाचित्रांचा संच तयार केला. टेबलावरचा कप, पायावरची चिकटपट्टी, दाराची मूठ, फांदीला लागलेलं सफरचंद, बोटातली अंगठी, वाडग्यातलं सफरचंद, अशी ती चित्रं. प्रत्येक चित्र दाखवून विचारायचं, की अमुक वस्तू कुठे आहे?

इंग्रजी बोलणारा वाडगा येईपर्यंत सगळीकडे 'ऑन' म्हणतो आणि वाडग्यापाशी 'इन'वर येतो. स्पॅनिशला कपापासून वाडग्यापर्यंत एकच 'एन' पुरतो. डच मात्र तीन तुकडे करते. कप आणि चिकटपट्टीला 'ओप', मूठ आणि फांदीच्या सफरचंदाला 'आन', बोटाला वेढणाऱ्या अंगठीला 'ओम'.

आता हीच चित्रं मराठीत बोलून बघा. टेबलावर कप, पायावर पट्टी. दाराला मूठ, फांदीला सफरचंद. बोटात अंगठी. आपले तुकडेही तीनच, 'वर', 'ला' आणि 'त', आणि सांधे जवळपास डचच्याच जागी पडतात. फरक अंगठीशी आहे. डच म्हणते अंगठी बोटाभोवती, आपण म्हणतो अंगठी बोटात. खरं तर बोट अंगठीत असतं! पाय बुटात असतो आणि आपण 'पायात बूट' म्हणतो, हात कोटात असतात आणि 'अंगात कोट' म्हणतो. तर्काला हे पटत नाही, पण तक्रार कुणाची नाही. इंग्रजीत अंगावरच्या या सगळ्यांना 'ऑन' लागतो. रिंग ऑन द फिंगर, शूज ऑन द फीट. घड्याळाच्या बाबतीत जरा सांभाळा. आपल्या 'हातात घड्याळ आहे'चे दोन अर्थ निघतात, पण 'अ वॉच इन हिज हँड' म्हणजे त्यानं ते मुठीत धरलंय. बांधलेलं असेल तर 'ऑन हिज रिस्ट'.

कोरियन भाषा आणखी वेगळी वाट धरते. पेनाचं टोपण पेनावर घट्ट बसवणं आणि ठोकळा त्याच्याच मापाच्या खाचेत बसवणं, दोन्हीला तिथे 'क्किता' हे एकच क्रियापद चालतं, कारण दोन्हीत वस्तू घट्ट बसते. इंग्रजीत त्यातलं पहिलं 'ऑन' आणि दुसरं 'इन'. सुसन हेस्पॉस आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या पाच महिन्यांच्या बाळांनाही घट्ट बसणं आणि सैल बसणं यांतला फरक जाणवतो. त्यांची भाषा पुढे तो फरक मोजणार नसते, तरीही.

झाडापाशी तर मराठी आणि इंग्रजी एकमेकींना ओलांडून जातात. आपण म्हणतो झाडावर पक्षी आणि झाडाला फळ. इंग्रजीत पक्षी 'इन द ट्री' आणि फळ 'ऑन द ट्री'. पक्षी पानाफांद्यांच्या पसाऱ्यात शिरलेला असतो, फळ झाडाला धरून असतं. 'अ बर्ड ऑन द ट्री' ऐकलं तर समजतं, पण कानाला खटकतं. पक्ष्याची विशिष्ट फांदी सांगायची असेल, तर 'ऑन अ ब्रँच' पुन्हा बरोबर. भिंतीचंही तसंच. चित्र 'ऑन द वॉल', पण भेग आणि भोक 'इन द वॉल', कारण ती भिंतीच्या आत घुसलेली असतात.

कोपऱ्यापाशी मात्र दोन्ही भाषांचं जमतं. खोलीच्या कोपऱ्यात 'इन द कॉर्नर', रस्त्याच्या कोपऱ्यावर 'ऑन द कॉर्नर'.

बसमध्ये की बसवर

कार आणि टॅक्सीत 'इन', पण बस, आगगाडी, विमान, जहाज यांत 'ऑन'. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण 'बसवर' म्हटलं की टपावर बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. लक्षात ठेवायला एक आडाखा आहे. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, तिथे 'ऑन'. वाकून शिरावं लागतं, तिथे 'इन'. सायकल, घोडा, मोटरसायकल यांवर आपण उघडपणे स्वार होतो, तिथेही 'ऑन'. आडाखा उपयोगी आहे, पण कारण पुरतं सांगत नाही. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी एक सुंदर बाब नोंदवली आहे. मुलं 'ऑन द बस' आहेत, तर बस चालू सेवेत आहे. मोडक्या, टाकून दिलेल्या बसमध्ये मुलं खेळत असतील, तर ती 'इन द बस'. बस तीच, आकार तोच. बदलला तो प्रवास.

भार आणि आधार

'भार पेलणं' हा अर्थ एकदा हाती लागला, की 'ऑन'चे कितीतरी अमूर्त उपयोग आपोआप उलगडतात. गाडी पेट्रोलवर चालते, रुग्ण औषधांवर असतो, माणूस पगारावर जगतो. तिन्ही ठिकाणी 'ऑन' आणि 'वर' हातात हात घालून चालतात. 'डिपेंड ऑन' हे 'अवलंबून असणे'चं तंतोतंत जुळं. गंमत अशी, की लॅटिन 'डिपेंडेरे' म्हणजे खाली लोंबकळणं आणि संस्कृत 'अव' अधिक 'लम्ब्' म्हणजेही लोंबकळणंच. दोन भाषांनी एकच चित्र निवडलं आणि दोघींनी त्यापुढे स्वतःचा 'वर' जोडला.

चुका इथूनच पुढे सुरू होतात. 'ही इज अँग्री ऑन मी', 'आय ट्रस्ट ऑन यू', 'वुई डिस्कस्ड ऑन द प्रॉब्लेम', 'शी एम्फसाइज्ड ऑन धिस पॉइंट'. चारही चुकीची, आणि चारही मराठीतून सरळ उचललेली. माझ्यावर रागावला, तुझ्यावर विश्वास, प्रश्नावर चर्चा, मुद्द्यावर भर.

यामागचं कारण क्रियापदांच्या घडणीत आहे. हल्ला करणे, बंदी घालणे, भर देणे, चर्चा करणे, परिणाम करणे ही आपली क्रियापदं म्हणजे नाम आणि सोबत एक हलकं क्रियापद. 'वर' त्या नामाच्या ओढीनं येतो आणि नाम जागेवर असेपर्यंत हलत नाही. इंग्रजीतही नामापुढे 'ऑन' येतोच: ॲन अटॅक ऑन, अ बॅन ऑन, एम्फसिस ऑन, ॲन इफेक्ट ऑन. पण त्याच अर्थाचं सुटं क्रियापद वापरलं, की 'ऑन' गळून पडतो आणि कर्म थेट येतं: अटॅक द फोर्ट, बॅन द बुक, एम्फसाइज द पॉइंट, अफेक्ट द रिझल्ट. लिहिताना अडलात तर हाताशी नाम आहे की क्रियापद, हे आधी बघा. नव्वद टक्के सुटकेची हमी मी देणार नाही, पण बरीच दुरुस्ती इथेच होते.

अपवाद आहेतच. 'कॉमेंट ऑन' आणि 'स्पाय ऑन' क्रियापद असूनही 'ऑन' सोडत नाहीत. 'ऑपरेट' तर दुहेरी आहे. यंत्र चालवायचं तर 'ऑपरेट अ मशीन', शस्त्रक्रिया करायची तर 'ऑपरेट ऑन अ पेशंट'. इथे 'ऑन' विसरला, तर डॉक्टर रुग्णाला यंत्रासारखा चालवू लागतो.

भावनांना नियम नाही, त्या पाठच कराव्या लागतात. अँग्री 'विथ' माणूस, अँग्री 'अबाउट' गोष्ट. लव्ह आणि ट्रस्ट या क्रियापदांना कर्म थेट. फेथ 'इन'. दया मात्र 'टेक पिटी ऑन', अगदी मराठीसारखी.

ऐकल्यावर, पोहोचल्यावर

'ऑन हिअरिंग द न्यूज' म्हणजे बातमी ऐकल्यावर. रचना इतकी सारखी, की इथे मराठी माणूस बेसावध होतो. 'स्टेशनवर पोहोचल्यावर गाडी सुटली होती' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. पोहोचणारा कोण, हे संदर्भातून कळतं. इंग्रजीत 'ऑन रीचिंग द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' लिहिलं, तर व्याकरणानं स्टेशनवर पोहोचली ती गाडीच. अशा रचनेत पहिल्या भागातली क्रिया करणारा आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच असावा लागतो. म्हणून 'आय फाउंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट' असं 'आय'नं सुरू करायचं.

वेळेचा हिशेब सोपा आहे. वार आणि तारीख 'ऑन', महिना आणि वर्ष 'इन', घड्याळाची वेळ 'ॲट'. सकाळ एकटी असेल तर 'इन द मॉर्निंग', पण तिला वार चिकटला की 'ऑन मंडे मॉर्निंग'. 'नेक्स्ट', 'लास्ट', 'एव्हरी' आले, की काहीच नको. आपण सोमवारी, सकाळी, रात्री असं सगळीकडे एकाच 'ई'वर भागवतो, त्यामुळे गोंधळ होतो. 'वेळेवर' आणि 'वेळेत' हे मराठीत बरेचदा अदलाबदलीनं चालतात. 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' तसे चालत नाहीत. पहिला म्हणजे ठरल्या क्षणी, दुसरा म्हणजे मुदत संपण्याआधी.

आणि जिथे दिसत नाही, तिथेही 'ऑन' आहे. जुन्या इंग्रजीत 'ऑन' आजच्या 'इन'चंही काम करायचा. 'अलाइव्ह'मधला सुरुवातीचा 'अ' म्हणजे झिजलेला 'ऑन'. मूळ शब्दप्रयोग 'जिवात' असा. 'अस्लीप' म्हणजे झोपेत, 'अफुट' म्हणजे पायी. 'ट्वाइस अ डे'मधल्या 'अ'ला आपण 'एक' या अर्थाचं उपपद समजतो, पण मुळात तोही 'ऑन'च होता: दिवसात दोनदा.