गोव्यात ससा, शुगर ग्लायडर, इग्वाना यांची नसबंदी: परवानगी कुठे लागते, कागद कोणते लागतात

पाळीव सशाची किंवा गिनी पिगची नसबंदी करून घ्यायला गोव्यात कोणत्याही सरकारी खात्याची परवानगी लागत नाही. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे २०२३ चे नियम आपल्या घरातल्या प्राण्याला लागू असतील, असे समजून लोक पंचायतीत किंवा पालिकेत चौकशीला जातात. त्या नियमांचा ससा, हेजहॉग, इग्वाना यांच्याशी संबंध नाही. डॉक्टर नोंदणीकृत असावा आणि मालकाने लेखी संमती द्यावी, एवढ्यावर शस्त्रक्रिया होते.

मग लोकांचे अडते कुठे? प्राणी मुळात आपल्याकडे कायदेशीर आहे का, या प्रश्नावर. शस्त्रक्रिया झाली की दवाखान्याच्या नोंदवहीत मालकाचे नाव, प्राण्याची जात, लिंग, तारीख हे सगळे उतरते. तो प्राणी वन्यजीव कायद्याच्या यादीत असेल आणि तुमच्याकडे त्याचा कागद नसेल, तर ही नोंद उद्या तुमच्याच अंगाशी येऊ शकते. म्हणून माझे मत असे की आधी कागद करावेत आणि मगच शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी.

आपला प्राणी कोणत्या गटात बसतो

पहिला गट सोपा आहे. ससा, गिनी पिग, हॅमस्टर, फेरेट, शुगर ग्लायडर, आफ्रिकन पिग्मी हेजहॉग, बजरीगर, कॉकटील. हे प्राणी-पक्षी वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स (CITES) करारातील यादीत नाहीत, त्यामुळे वन खात्याकडे त्यांची नोंदणी करावी लागत नाही. तरीही दुकानाची पावती जपून ठेवावी. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि नोंदणी असलेला दुकानदार पावती देतोच. मागूनही पावती देत नसेल तर तिथून प्राणी घेऊ नये.

दुसऱ्या गटात कागदपत्रे आली. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्स यादीतील प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. हिरवा इग्वाना, बॉल पायथन, सुलकाटा कासव, मार्मोसेट माकड, सन कन्यूर, मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे पोपट हे सगळे त्यात येतात. लव्हबर्डच्या बाबतीत हमखास गफलत होते. गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड यादीबाहेर आहे, पण त्याचाच भाऊबंद फिशर्स लव्हबर्ड यादीत आहे. पिंजऱ्यात दोन्ही शेजारी बसलेले असतात आणि दुकानदार दोघांना एकाच नावाने विकतो. शास्त्रीय नाव पाहिल्याशिवाय गट ठरवू नये.

तिसऱ्या गटासाठी अर्जच नाही. आपला हिरवा पोपट, म्हणजे कोकणीतला कीर, डोंगरी मैना, स्टार कासव हे भारतीय वन्यजीव असल्यामुळे ते घरात पाळता येत नाहीत. आजोबांच्या काळापासून ओसरीवर पिंजरा टांगलेला आहे, हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही. स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. जखमी पोपट घेऊन कोणी दारात आला तर डॉक्टर आधी उपचार करतील. पण अशा प्राण्याच्या नसबंदीसाठी तारीख मागायला जाऊ नये. वन खात्याला कळवून तो त्यांच्या ताब्यात द्यावा.

चौथ्या अनुसूचीतील प्राण्याची नोंदणी

या नोंदणीचे नियम केंद्राने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी जारी केले. त्या वेळी ज्यांच्याकडे आधीच प्राणी होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली. त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. अर्ज परिवेश २.० या केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि तिथून तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. आपल्याकडे हे कार्यालय वन खात्याचे, पणजीत आल्तिनोवरील वन भवनात. शुल्कही पोर्टलवरच भरावे लागते. एजंटाची गरज नाही.

अर्ज भरायला बसण्याआधी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात: मालकाचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, प्राण्याचे शास्त्रीय नाव, लिंग आणि अंदाजे वय, स्पष्ट फोटो, पायातली रिंग किंवा मायक्रोचिप यांसारखी ओळखखूण, आणि प्राणी कुठून आला याचा कागद. हा शेवटचा कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे. प्राणी कायदा मोडून मिळवलेला नाही, अशी खात्री पटली तरच प्रमाणपत्र देता येते, असे कायद्याचे कलम ४९ म सांगते. ‘मित्राने भेट दिला’ एवढे पुरत नाही. त्या मित्राच्या नावावर नोंदणी असायला हवी आणि हस्तांतरही नोंदलेले हवे.

गेल्या काही वर्षांत दिल्ली, बंगळूर, मुंबईहून बरीच मंडळी गोव्यात राहायला आली आणि त्यांच्यासोबत मकाव आणि पायथनही आले. दुसऱ्या राज्यात काढलेले प्रमाणपत्र असेल तर इथल्या वन भवनात नवा पत्ता लेखी कळवावा आणि पोच घ्यावी. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर प्रमाणपत्रावरची ओळखखूण प्रत्यक्ष प्राण्यावर तपासतील, तेव्हा पत्ता आणि खूण दोन्ही जुळलेले बरे.

नसबंदीचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. चौथ्या अनुसूचीतील प्राण्याला पिल्ले झाली की प्रत्येक जन्म कळवावा लागतो, आणि पिल्लू दुसऱ्याला दिले की हस्तांतरही कळवावे लागते. प्राणी साइट्सच्या पहिल्या परिशिष्टातील असेल तर प्रजननासाठी वेगळा परवाना लागतो. आफ्रिकन ग्रे २०१७ पासून त्याच परिशिष्टात आहे. मार्मोसेटची जोडी पाळणाऱ्याने नराची नसबंदी करून घेतली तर जन्मनोंदींचा विषयच मिटतो. नोंदणी न करता प्राणी बाळगणे हा गुन्हा आहे. प्राणी पहिल्या परिशिष्टाबाहेरचा असेल तर त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

डॉक्टर कोण असावा

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार राज्याच्या नोंदवहीत नाव असलेल्या पशुवैद्यकालाच हे काम करता येते. गावात बैल खच्ची करणारा जाणकार माणूस असायचा. सशाच्या बाबतीत तो मार्ग धरू नये. सशाची जांघेतली वाट आयुष्यभर उघडी राहते. वृषण काढून ती नीट बंद केली नाही तर आतडे बाहेर येऊ शकते.

पशुसंवर्धन खात्याचे मुख्य कार्यालय पणजीत पाटोला आहे आणि तालुक्यातालुक्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. त्यांचा मुख्य भर गुरे, शेळ्या, कुत्री यांच्यावर असतो. दोनशे ग्रॅमच्या प्राण्याला वायूने भूल देण्याचे यंत्र आहे का, हे फोन करून विचारूनच निघावे. बहुतेकांना शेवटी खासगी दवाखाना किंवा मुंबई-पुण्याकडचा तज्ज्ञ गाठावा लागतो. राज्याबाहेर जाताना नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि पशुवैद्यकाने दिलेला प्रवासयोग्यतेचा दाखला सोबत ठेवावा. पत्रादेवी किंवा मोले नाक्यावर पिंजरा पाहून कोणी विचारलेच तर बोलण्यापेक्षा कागद दाखवणे सोपे पडते.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: या जातीच्या प्राण्यांच्या शस्त्रक्रिया तुम्ही किती वेळा केल्या आहेत? भुलीसाठी आयसोफ्लुरेन हा वायू आहे का? भूल उतरल्यावर प्राण्याजवळ कोण बसणार? तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो, पण तोच निर्णायक असतो. ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, सशांत १.३९ टक्के आणि गिनी पिगमध्ये ३.८ टक्के आढळले. त्यातले बरेच मृत्यू टेबलावर झाले नव्हते. भूल संपल्यावरच्या पहिल्या काही तासांत प्राणी थंड पडतो, श्वास मंदावतो आणि शेजारी कोणीच नसते.

‘औषध बाहेरून आणून देऊ का?’ असे आपुलकीने विचारणारे लोक असतात. केटामाइन हे भुलीचे औषध २०११ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणि २०१३ पासून औषध नियमांच्या शेड्युल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातील औषधांच्या यादीत आहे. त्याची खरेदी आणि नोंद ही डॉक्टरची जबाबदारी आहे, मालकाने त्यात पडू नये.

कोणत्या प्राण्याची करावी, कधी करावी

सशाची मादी हे सगळ्यात स्पष्ट उदाहरण. चार वर्षांवरच्या माद्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काही जातींत ५० ते ८० टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. म्हणून पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी करून घ्यावी. नराची वृषणे उतरली की, साधारण साडेतीन-चार महिन्यांनी, करता येते. मात्र त्यानंतरही चार ते सहा आठवडे नर मादीला गाभण ठेवू शकतो, तेवढे दिवस त्यांना वेगळे ठेवावे.

नर शुगर ग्लायडरची शस्त्रक्रिया छोटी असते, पण शुद्धीवर आल्यावर तो टाके आणि स्वतःचेच अंग कुरतडतो. त्यामुळे वेदनाशामक आणि गळ्यातली कॉलर यांची चर्चा आधीच करावी. फेरेटची मादी माजावर येऊन जोडीशिवाय राहिली तर तिच्या रक्तपेशी घटून जीव जाऊ शकतो. दुसरीकडे, फेरेटमध्ये नसबंदीनंतर अधिवृक्क ग्रंथीचा आजार उद्भवतो असेही दिसले आहे, म्हणून अनेक डॉक्टर डेस्लोरेलिन नावाच्या संप्रेरकाची कांडी कातडीखाली बसवणे पसंत करतात. पक्ष्यांची नसबंदी नित्याची शस्त्रक्रिया नाही. सतत अंडी घालणाऱ्या मादीसाठी उजेडाचे तास कमी करणे, घरट्याची जागा काढून टाकणे, नकली अंडी ठेवणे आणि गरज पडल्यास तीच कांडी, असा क्रम असतो. इग्वानाच्या मादीत अंडी अडकली तर बीजांडकोष काढावे लागतात. सरपटणाऱ्या प्राण्यांना भूल देताना अंगाची ऊब सांभाळली नाही तर औषध उतरायला तासन्‌तास लागतात.

उपाशी ठेवण्याबद्दलचा गैरसमज मात्र जिवावर बेततो. कुत्र्याला रात्रीपासून उपाशी ठेवतात, म्हणून लोक सशालाही ठेवतात. ससा आणि गिनी पिग यांना उलटी होत नाही आणि उपाशी राहिले की त्यांचे आतडेच थांबते. शस्त्रक्रियेच्या सकाळपर्यंत गवत द्यावे, तोंडात घास राहू नये म्हणून शेवटचा तास-दीड तास तेवढे थांबावे, आणि घरचा नेहमीचा चारा सोबत न्यावा. शुद्धीवर आल्यावर तो खाऊ लागला की अर्धी काळजी मिटली. पायथनचे उलटे आहे. गिळलेले भक्ष्य पूर्ण पचेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. सशाला घरी देण्यासाठी तोंडावाटे अमोक्सिसिलिन लिहून दिले असेल तर ते देण्याआधी डॉक्टरांना पुन्हा विचारावे, कारण त्याने सशाच्या पोटातले जंतू बिघडून तो दगावू शकतो.

तारीख निवडताना कॅलेंडर पाहा. चवथीच्या आठवड्यात आणि नरकासुराच्या रात्रीच्या आसपास फटाक्यांनी बिथरलेल्या प्राण्याचे घरी हाल होतात, शिवाय डॉक्टरही मिळत नाहीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात ससा आधीच दमलेला असतो. पावसात वीज गेली तर दवाखान्यात जनरेटर आहे का, हेही विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

नोंदणी प्रमाणपत्र किंवा पावती, मालकाचे ओळखपत्र, आधीच्या उपचारांचे कागद आणि त्या दिवशीचे ग्रॅममधले वजन एवढे लागते. संमतीपत्रावर सही करण्याआधी शस्त्रक्रियेचे नाव, भुलीचा धोका, खर्चाचा अंदाज आणि हृदय थांबल्यास काय करायचे, हे चार मुद्दे त्यात आहेत का ते वाचावे. सही मालकाची लागते. आपल्याकडे मुलगा तारवटी म्हणून जहाजावर असतो, इग्वाना त्याच्या नावावर आणि सांभाळते आई. अशा वेळी मुलाचे सही केलेले अधिकारपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत आईजवळ असावी. ऐनवेळी व्हॉट्सॲपवरचा ‘हो कर’ हा निरोप कोणताही शहाणा डॉक्टर पुरेसा मानणार नाही.

मायक्रोचिप बसवायची असेल तर भुलीतच बसवून घ्यावी, जागेपणी सुई टोचावी लागत नाही. चिपचा १५ अंकी क्रमांक नसबंदीच्या दाखल्यावर लिहून घ्यावा. दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का, तारीख आणि काय काढले याचा स्पष्ट उल्लेख हवा. ‘ऑपरेशन केले’ एवढेच लिहिलेला कागद पुढे कामाला येत नाही.

चौथ्या अनुसूचीतील प्राणी भुलीत दगावला तर ते वन खात्याला कळवावे लागते. त्यासाठी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून अहवाल घ्यावा आणि तो होईपर्यंत प्राणी भाटात पुरू नये. शव फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेल्या पेशींवरून कारण शोधणे अवघड जाते.