नासाचं पेन आणि रशियाची पेन्सिल

"अंतराळात पेन चालेना म्हणून नासाने कोट्यवधी डॉलर उधळले, रशियाने मात्र साधी पेन्सिल वापरली." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो खोटा आहे.

सुरुवातीला दोन्ही देश पेन्सिलच वापरत होते. नासाने १९६५ मध्ये ३४ मेकॅनिकल पेन्सिली घेतल्या, एकेक जवळपास १२९ डॉलरला. उधळपट्टीची ओरड झाली ती या पेन्सिलींवरून!

मुळात पेन्सिल यानात धोक्याचीच. शिशाचं टोक तुटलं की तुकडा खाली पडत नाही, तरंगत राहतो. तो डोळ्यात जाऊ शकतो. शिवाय शिसं म्हणजे ग्रॅफाइट, वीजवाहक. स्विचमागे शिरलं तर शॉर्टसर्किट. लाकूडही पेट घेतं. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तीन अंतराळवीर गेले, त्यानंतर ही भीती आणखी खरी वाटू लागली.

अंतराळात चालणारं पेन बनवलं पॉल फिशर यांच्या कंपनीने, स्वतःच्या पैशाने. साधं बॉलपेन उलटं धरून छताकडे लिहून बघा: थोड्या ओळींत अक्षर फिकट होतं, कारण शाई गुरुत्वाकर्षणानेच टोकाकडे येते. फिशरच्या बंद कांडीत दाबाखालचा नायट्रोजन शाईला पुढे ढकलतो. शाई जेलीसारखी घट्ट. टोकाची गोळी फिरली की तेवढ्यापुरती पातळ होते, त्यामुळे गळत नाही.

चाचण्यांनंतर नासाने सुमारे ४०० पेनं घेतली. १९६८ च्या अपोलो ७ पासून ती वापरात आली. आणि १९६९ मध्ये सोव्हिएत युनियननेही हीच १०० पेनं आणि १,००० रिफिली विकत घेतल्या.