स्वस्त पिस्तूल खात्रीचं का असू शकतं?

पहिलं पिस्तूल घेणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. महागडं घ्या, म्हणजे ऐनवेळी दगा देणार नाही. आणि मोठ्या व्यासाची गोळी घ्या, म्हणजे समोरचा माणूस मागे फेकला जाईल.

दुसरा सल्ला आधी निकालात काढू. 9 मिमी पॅराबेलम काडतुसातली गोळी साधारण 8 ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला 360 मीटरच्या आसपास. गुणाकार केला की संवेग येतो 2.9 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. हा सगळा संवेग 70 किलोच्या माणसात जिरला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम 4 सेंटिमीटर. गोळी माणसाला उडवत असती, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने झाडणाराही उडाला असता. गोळी जीव घेते ती ऊती फाडून, माणसाला ढकलून नव्हे. ‘स्टॉपिंग पॉवर’ (समोरच्याला जागीच थांबवण्याची ताकद) या शब्दाभोवतीची बरीचशी जाहिरातबाजी या एका गुणाकारासमोर टिकत नाही.

पहिला सल्ला मात्र नीट तपासण्यासारखा आहे, कारण त्याच्या पोटात यंत्रशास्त्रातली एक अत्यंत देखणी युक्ती दडलेली आहे.

काडतूस फुटतं तेव्हा आतला दाब 2,300 वातावरणांच्या घरात जाऊ शकतो. एवढा दाब 9 मिमी व्यासाच्या वर्तुळावर म्हणजे सुमारे दीड टन वजनाइतकं बल. ते गोळीला पुढे रेटतं आणि तितकंच काडतुसाच्या पितळी पुंगळीला मागे रेटतं. पुंगळीच्या मागे असते स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग; मागे जाताना तो रिकामी पुंगळी बाहेर टाकतो आणि पुढे येताना नवं काडतूस भरतो. गोळी नळीतून बाहेर पडायला अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास वेळ घेते. तेवढा वेळ पुंगळी जागेवर राहिलीच पाहिजे. पातळ पितळ नळीबाहेर आलं आणि आत दाब असला, तर ते फाटतं.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्लाइड जड ठेवायची आणि बाकी जडत्वावर सोडायचं. स्लाइड 400 ग्रॅमची असेल तर ती गोळीच्या 50 पट जड. म्हणून गोळी नळीत 100 मिलिमीटर पुढे जाते तेव्हा स्लाइड फक्त 2 मिलिमीटर मागे येते (वायूचं वस्तुमान सोडून दिलं आहे). पण तोवर तिचा वेग सेकंदाला 7 मीटरच्या पुढे गेलेला असतो आणि पुंगळी तिच्यासोबत निघालेली असते. यावर तोड म्हणजे स्लाइड आणखी जड करणं. ‘हाय-पॉइंट’ या अमेरिकन कंपनीची अगदी स्वस्त 9 मिमी पिस्तुलं याच तत्त्वावर चालतात. त्यांची स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची आणि ठोकळ्यासारखी असते. ती चालतात, पण वरच्या बाजूला बोजड असतात.

अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंगने वेगळा विचार केला. 1911 साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या त्याच्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड खाचांनी एकमेकींत अडकलेल्या असतात. धक्का बसताच दोघी एकत्र मागे सरकतात, त्यामुळे पुंगळीचं तोंड नळीतच राहतं आणि उघडायला जागाच नसते. काही मिलिमीटर मागे आल्यावर एक छोटा दुवा नळीचं मागचं टोक खाली खेचतो. खाचा सुटतात, नळी थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाते. तोवर गोळी निघून गेलेली असते आणि दाब ओसरलेला असतो. नळी तिरकी होते ती गोळी गेल्यावर, म्हणून नेमही बिघडत नाही. घड्याळ नाही, संवेदक नाही. वेळ मोजली जाते ती फक्त वस्तुमान आणि अंतर यांच्या हिशोबाने!

पुढे 1935 च्या ‘हाय-पॉवर’ पिस्तुलात दुव्याच्या जागी एक तिरका उतार आला. मग नळीच्या मागच्या भागाचा चौकोनी ठोकळाच स्लाइडच्या खिडकीत (जिथून रिकामी पुंगळी बाहेर पडते) अडकवायची पद्धत रुळली, आणि नाजूक खाचा कोरायचं काम वाचलं. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ‘ग्लॉक 17’ने खालचा सांगाडा प्लास्टिकचा केला. आज ही रचना कोणाचीही मक्तेदारी नाही आणि संगणकावर चालणारी यंत्रं तिचे भाग अचूक कापतात. म्हणूनच मध्यम किमतीचं पिस्तूल महागड्याइतकंच खात्रीचं असू शकतं. वरचे पैसे बहुधा सफाईसाठी, हलक्या ट्रिगरसाठी आणि नावासाठी जातात.

मग पिस्तूल अडतं कुठे? बहुतेकदा मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत. स्लाइड मागे जाऊन परत येते ती सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात. तेवढ्यात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस नेमक्या उंचीवर आणून ठेवलं पाहिजे. वरच्या पत्र्याचे ओठ किंचित वाकले तरी काडतूस चुकीच्या कोनात येतं. दुसरं कारण मनगट. हातातला सांगाडा स्थिर असेल तरच स्लाइड त्याच्या तुलनेत पूर्ण मागे जाते. पकड सैल असेल तर अख्खं पिस्तूल मागे जातं आणि स्लाइडची धाव अपुरी पडते. खिशात मावणारी चिमुकली पिस्तुलं म्हणूनच नवशिक्याला जड जातात: धक्का जास्त आणि स्लाइडची धाव आखूड. पहिलं पिस्तूल मध्यम आकाराचं असावं, हे माझं ठाम मत. रिव्हॉल्व्हरमध्ये ही भानगड नाही, पण प्रत्येक वेळी चकरी फिरवणारा त्याचा लांब, जड ट्रिगर नेम शिकू देत नाही.

स्वस्ताई एका ठिकाणी मात्र चालणार नाही. पिस्तूल हातातून पडलं तर फायरिंग पिन (काडतूस पेटवणारी सुई) जडत्वाने पुढे जाऊन काडतुसावर आपटू शकते. ट्रिगर दाबेपर्यंत पिन अडवून ठेवणारा खटका आत आहे का, हे विचारूनच घ्या. परवाना, प्रशिक्षण, कुलूपबंद पेटी आणि सरावाची काडतुसं यांचा खर्च आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात पिस्तूल बसवा.

आता खात्री करायची कशी? चिखलात बुडवलेलं पिस्तूल झाडून दाखवणारे व्हिडिओ त्या एका नगाबद्दल सांगतात, तुमच्या नगाबद्दल नाही. संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: एकही चूक न होता सलग N वेळा काम झालं, तर चुकीचं प्रमाण 95 टक्के खात्रीने 3 भागिले N पेक्षा कमी मानता येतं. म्हणजे 50 काडतुसं सुरळीत गेली, तरी दर शंभरात 6 वेळा अडण्याची शक्यता शिल्लक आहे. 300 गेली तर ती 1 वर येते. ही चाचणी आपल्याच पिस्तुलात, रोजच्या वापरातल्याच काडतुसांनी करायची. मॅगझिनांवर आकडे लिहून ठेवा. अडचण एकाच आकड्यापाशी येत असेल तर ते मॅगझिन बदला. सगळ्यांत येत असेल तर आधी पकड, मग काडतुसं आणि शेवटी स्प्रिंग तपासून घ्या.